एका आमिषाला दोघं

हॅलो?… हॅलो, व्हर्नाचं आमिषाचं दुकान… कोण? हॉलिस? अरे, हा कसला आवाज काढलास? सख्ख्या बहिणीला ओळखू आला नाही…

थांब हं जरा… नाही हो ओटिसकाका, ते नाही, शेजारच्या टाकीतले मासे घ्या, ते जास्त वळवळतात. जाळी खिळ्याला आहे. घ्या तुमचे तुम्ही, भाऊ आहे फोनवर… हं, बोल हॉलिस.

काय?… कुत्र्याला? तुझ्या कुत्र्याला मी का न्यायचं? तू कुठे चाललास?… मग ट्रकची किल्ली कॉरीनला कशाला?… हॉलिस. तू आत्ता कुठे आहेस?… पाण्यावर. बरं. एकटाच ना?…

अरे, एकटाच आहेस ना?

…अरे देवा. डस्टिनला घेऊन गेलास?

नाही गं कॉरीन, काही नाही. तू शेंगा खा. तुझे बाबाच आहेत, मासे धरायला गेलेत… नको, आत्ता नको बोलूस, त्यांना मासा लागतोय.

हॉलिस, हळू बोल. तो ऐकेल… कानात गाणी घातलीत? बरंय, तेवढी तरी अक्कल नाही त्याला. हे बघ, काल संध्याकाळी तू पोरीच्या हाताचं प्लास्टर बघितलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, चला, म्हातारपणी तरी शहाणा झाला भाऊ. आणि सकाळी उठून जावयाला कॉफी पाजलीस?… तुझ्या त्या मासे लागायच्या जागेवर नेतो म्हणालास? आयुष्यात मला कधी दाखवली नाहीस ती जागा! मग येणारच ना तो. अख्ख्या अलाबामात कोण नाही म्हणेल?

माहीत आहे रे… माहीत आहे मला. वल्ह्यानं मारलं त्यानं तिला. माझ्यापुढे बसूनच सांगितलं तिनं. आणि त्याच्या त्या पोलीस चुलत भावानं कागदावर काय लिहिलं तेही माहीत आहे. ‘धक्क्यावरून पडली.’ पडली म्हणे! मलाही वाटलं ना, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. पण वाटणं वेगळं…

पोहता येत नाही त्याला, हे ठाऊक आहे ना तुला?… ठाऊक आहे म्हणूनच. हं. आणि जॅकेट?… काढून घेतलंस? काय सांगून?… बसायला उशी हवी म्हणून! आणि त्या बैलानं दिलं?

नको. हॉलिस, ऐक माझं. नको… बरं, नाही सांगत. नाही शिकवत तुला. फक्त फोन ठेवू नकोस. एवढं ऐकशील ना बहिणीचं? बोल काहीतरी. मासे काय म्हणतायत?… अरे, मग तळ्यावर माणूस दुसरं काय विचारणार? कुठे आहात, ते तरी सांग.

धरणापाशी. बरं. काय लावलंस?… बेडूक? रबरी बेडूक, आणि ती जाड विणलेली दोरी? आणि लांब, ताठ काठी?… हं. आणि त्याला काय दिलंस?… तो लाकडी मासा, तीन-तीन तोंडांचे दोन गळ असलेला. पाण्यातल्या झाडांच्या खुंटांना आपटत आणतोय? आणि आमिषाला काय लागून येतंय, माती की गवत?… गवत.

हॉलिस, बेडूक गवतावर टाकतात. धरणापाशी आहे का गवताची एक काडी तरी? सगळा खडक आहे तिथे. थापा मारायच्या तर माझ्याशी मारू नकोस, मी आमिषं विकते. गवत आहे, शेजारी खुंट आहेत, पाणी गढूळ असणार… म्हणजे बुडालेल्या पुलाच्या मागे आहात तुम्ही. इथून दिसला असता धुकं नसतं तर!

…मला कसं कळलं म्हणजे? तुझी बहीण आहे मी.

कॉरीन, तू बस खाली… कुठे नाही, कुणी नाही पुलाच्या मागे… अगं, मी तुझ्याशी बोलत नाहीय! बस म्हटलं ना!

हं, हॉलिस, आहे मी, आहे. काय करतोय तो?… फार भरभर ओढतोय? मग ओढू दे की!… कुठे टाकतोय?… खुंटाच्या अलीकडे? अरे, पलीकडे टाकायला हवं, मग घासत आणायचं… हो, हो, मान्य, काहीही येत नाही त्याला. पण हॉलिस, तू त्याला बुडवायला नेलंयस ना? मग त्याचं चुकतंय म्हणून तुझा जीव कशाला वरखाली होतोय?… सांगितलंस? त्याला सांगितलंस, ‘पलीकडे टाक’ म्हणून?

तू माझा भाऊ आहेस, पण कधी कधी मला कळत नाही तू काय आहेस.

ऐक… ऐक ना. मला बेडूक टाकायला कुणी शिकवलं? तूच ना? काय सांगायचास? गवत फोडून मासा वर उसळला, केवढाही खळ्ळकन आवाज झाला, तरी लगेच झटका मारायचा नाही. थांबायचं. बेडूक त्याच्या तोंडात नीट जाऊ द्यायचा. जो लगेच हिसका देतो त्याच्या हाती नुसतं गवत येतं. तूच सांगायचास. मग आज तुला कसली घाई झालीय? थांब ना जरा… मला विचार करू दे. आपण दुसऱ्या गावच्या पोलिसाकडे जाऊ. वकील बघू. पोरीला बाप हवाय रे, तुरुंगातला नकोय…

काय झालं? ओरडतंय कोण?… लागला? त्याला? खुंटाच्या पलीकडे टाकल्यावर लगेच? बघ!… मोठा आहे? किती मोठा?… अरे हॉलिस, फोन खाली ठेवू नकोस. हॉलिस! काठी वर धर म्हणून काय सांगतोस त्याला! हॅलो! दोरी सैल सोडू नको म्हणून काय… हॉलिस, मारायला नेलंयस ना त्याला!

जाळी घे! हातानं नको धरूस, तीन तोंडांचे गळ आहेत, जाळी… ऐकत नाही. जन्मात कधी जाळी वापरली नाही या माणसानं. दुसऱ्याचा मासा काठाला आला की हा वाकलाच खाली…

काय झालं? कोण किंचाळलं?… हॉलिस? हॅलो?… तळहातात? आत गेला? टोकाच्या उलट्या काट्याच्याही पुढे?… अरे देवा. मासा अजून लटकतोय? झाडतोय अंग? आणि तो काय करतोय?… तो वाकला मदतीला, आणि मागचा गळ त्याच्या… दंडात. म्हणजे पुढचा गळ तुझ्या हातात, मागचा त्याच्या दंडात, आणि मधे मासा. एका आमिषाला दोघं. वा! वा हॉलिस!

काय म्हणालास त्याला?… मी ऐकलं ते! ‘तुला बुडवायला आणलं होतं’ असं सांगितलंस? आत्ता? त्याला चिकटलेला असताना? अरे, तोंड आहे की काय…

हॉलिस!… हॉलिस, मारामारी बंद करा! मला आवाज येतोय… बोट उलटेल! नाकावर मारू नकोस, हॉलिस! डस्टिन, सोड त्याला! सोड गळा त्याचा!… ओटिसकाका, जा हो तुम्ही, मासे फुकट न्या, जा!

…कॉरीन? कॉरीन कुठे गेली? आत्ता इथे होती… शेंगा तशाच टाकल्यात. किल्ली? खिळ्यावरची माझ्या बोटीची किल्ली कुठेय?… अगं ए! एका हातानं कशी चालवणार आहेस ती मोटर! ए पोरी!… गेली. सुरूही केली.

हॉलिस! दोघंही ऐका! स्पीकरवर आहे ना मी? बंद करा ते! कॉरीन निघालीय. माझी बोट घेऊन, तिकडेच. तुझी लेक येतेय, हॉलिस, पुलाला वळसा घालून, आत्ता पोहोचेल. तिला काय दाखवणार आहेस? सांग ना. पाण्यात बुडबुडे दाखवणार? की तुझं प्रेत?… हं. सोडलंत ना एकमेकांना?

श्वास घ्या. कुणाला काय लागलंय?… त्याचं नाक फुटलंय. चांगलं फुटलंय की नुसतं?… बरं. आणि तुझा ओठ. ठीक आहे, ओठ शिवता येतो. पक्कड कुठेय?… पडली पाण्यात. शाब्बास.

आता हॉलिस, मी सांगते तसं कर. आधी त्याला जॅकेट घाल… हो, त्यालाच… अरे गाढवा, नीट ऐक! तो तुझ्या तळहाताला अडकलाय. बोट हलली आणि तो पाण्यात पडला तर एकटा बुडेल का? तुझा हात धरून बुडेल. त्याला वाचव म्हणत नाहीय मी, तुझ्या हातासाठी म्हणतेय… बघ, हे पटलं लगेच. मोकळ्या हातानं घाल. डस्टिन, तुझा तू हात घाल ना दुसरा, लहान बाळ आहेस का? बकलं लावा. सगळी. मला ऐकू आली पाहिजेत… एक… हं… आणि खालचं? खालचंही लाव.

आता मासा सोडवा. हळू. त्याचं काय चुकलं होतं?… गेला? कसा गेला, शेपूट मारत?… देखणा होता ना? पुढच्या वेळी. पुढच्या वेळी, हॉलिस, आधी आज घरी या.

आता दोरी तोड. चाकू? नाही, चाकू तुझ्या हातात आज मी देणार नाही. त्याची साधी नायलॉनची आहे ना? दातानं तोड… झालं? आता तुझ्या बेडकाच्या काठीची विणलेली दोरी ओढून घे, ती तुटत नाही. फास कर. त्याच्या दंडातल्या गळाच्या वळणात घाल. त्याला बोटानं आमिषाकडची बाजू कातडीवर दाबायला सांग, म्हणजे काटा मोकळा होतो… हो, हेच, आपण एवढेसे असताना डॅडींनी तुझ्या कानातला काढला होता तसाच. मग सरळ मागे हिसडा. एकच.

जोरात का?… हे बघ हॉलिस, बाकी सगळं आज मी तुला मना केलंय. पण हा हिसडा जोरातच मारायचा असतो. इथे तुला पूर्ण मुभा आहे.

…काय किंचाळला रे! इथे खिडकीतून ऐकू आलं, फोनची गरज नव्हती. निघाला?… सबंध निघाला. रक्त येतंय? येऊ दे, धुऊन निघतं.

आता तुझा. तुला एकट्याला जमायचं नाही, दोन हात लागतात. डस्टिन, ऐक, त्याचा तू काढ… डस्टिन? काय करतोय तो?… उभा का राहिलाय?

हातात काय आहे त्याच्या?… वल्हं.

डस्टिन. मी कॉरीनची आत्या बोलतेय. ते वल्हं खाली ठेव. एकदा उचललंस ते पुरे झालं… काय म्हणालास? ती पडली? अजून हेच म्हणतोस? म्हाताऱ्याच्या हातात गळ आहे आणि तू उभा राहून मला शिकवतोस? अरे भिकारड्या, त्याच्या केसाला हात लावलास ना, तर मी स्वतः येऊन तुझ्या जिभेतून गळ ओवीन आणि तुला सबंध तळ्यावर आमिष म्हणून ओढीन! ऐकतोयस का?… हॉलिस, मागे सर! मागे सर, बाकाखाली वाक!

मोटरचा आवाज येतोय… तीच आहे ना? कॉरीन! हळू कर पोरी, आपटशील… आपटली! कशावर आपटली? तुमच्या बोटीवर?

हॅलो?… हॅलो? कसला आवाज झाला? धप्प काय झालं? हॉलिस! हॉलिस, बोल रे, तू आहेस का?…

हं… हं… पाण्यात पडला? कोण, तो?… तिनं मारलं? कशानं मारलं, वल्हं तर त्याच्याकडे… कशानं?

प्लास्टरनं.

मोडलेल्या हातानं? अरे, तिचा हात! दुखलं असेल ना तिला… हसतेय? रडतेय आणि हसतेय. बरं. रडू दे. तू तिला जवळ घे… एका हातानं घे, गळ लागेल तिला.

आणि तो? वर आहे ना डोकं?… तरंगतोय. जॅकेट आहे म्हणून तरंगतोय, बघ! कुणी घालायला लावलं?… काय ओरडतोय?… ‘ओढा, ओढा’ म्हणतोय.

नाही. लगेच नाही ओढायचं… काय शिकवलं होतंस मला? थांबायचं. तोंडात नीट जाऊ द्यायचं… गवताचं पाणी आहे, चवदार असतं.

आता विचार, ती कशी पडली ते… विचार ना मोठ्यानं, मीही ऐकते… काय म्हणतोय?… हं. परत विचार. कॉरीनला ऐकू येईल असं सांग म्हणावं… म्हणाला? ‘मी मारलं’ म्हणाला? तुम्ही दोघांनी ऐकलं, मी ऐकलं… अहो ओटिसकाका, तुम्ही अजून इथेच? तुम्हीही ऐकलंत? बरं झालं. मासे घेऊन बसा इथेच, कुठे जाऊ नका.

हं, आता ओढा. हळू, कॉलरला धरून. आत घेऊ नका, बाहेरूनच लटकवत आणा धक्क्यापर्यंत. तुझा गळ मी काढते आल्यावर, तोवर हात वर धर… हो, जोरातच काढीन. रडलास तर कुत्रं खरंच ठेवून घेईन मी.

पोलीस? मी लावते ना फोन. त्याच्या त्या चुलत भावालाच लावते आधी. म्हणते, ये बाबा, तुझ्या भावाचं नाक फुटलंय, दंडाला भोक पडलंय आणि पोटात अर्धं तळं गेलंय. आणि कागद घेऊन ये.

…विचारेल तर काय सांगायचं, म्हणजे? पडला. धक्क्यावरून पडला. त्यांना लिहिता येतं ते.

ठेवते. या लवकर.