न गाणाऱ्यांचा गट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पाळकसाहेब, मास्तरांच्या कन्या आणि जावईबापू, रुग्णालयातील माझे सहकारी आणि समोर बसलेल्या सुहृदांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मास्तर उद्या कायमचे लेकीकडे राहायला निघाले आहेत. त्यांच्याविषयी मी बोलावं असं ठरलं, कारण संयोजकांच्या मते मी त्यांना फार जवळून ओळखते. खरं आहे. आमच्या संशोधनाचं वाटोळं त्यांनी ज्या तन्मयतेनं केलं, ते इतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. हसू नका, पाळकसाहेब. माणूस तुमच्याच चर्चचा आहे.

मी फुप्फुसांची डॉक्टर. मास्तरांच्या पत्नी माझ्या रुग्ण होत्या. दम लागून लागून त्या गेल्या. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मास्तर माझ्या दारात उभे. मला वाटलं, भांडायला आले.

"डॉक्टरबाई, तिच्या आजारावर उपाय नाही म्हणालात."

"नाही, मास्तर."

"मग शोधताय का?"

या प्रश्नावर आम्ही डॉक्टर लोक सहसा घड्याळाकडे बघतो. मीही बघितलं. पण ते जागचे हलेनात. "मला औषधांतलं काही कळत नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, गाणाऱ्यांना शिकवतो. श्वास कुठे घ्यायचा आणि कसा पुरवायचा, हे सांगण्यात जन्म गेला. याचा काही उपयोग?"

उपयोग आहे का, हेच शोधायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. एक रुग्णालयातल्याच एका खोलीत मास्तरांच्या पेटीवर गायला, दुसरा शेजारच्या खोलीत पत्ते खेळायला. कुणी न गाणारे असल्याशिवाय गाण्याचा फायदा कळणार कसा? पहिल्याच दिवशी एक आजोबा अडून बसले, "आम्ही तुमच्या धर्माचे नाही. तुमच्या देवाची गाणी म्हणणार नाही."

मास्तर म्हणाले, "शब्द तुमच्या आवडीचे घ्या. वारा तेवढा मी सांगेन तेव्हा सोडा."

त्यावर जो हशा पिकला, तो आमच्या संशोधनातला फुप्फुसांचा पहिला व्यायाम.

अखेर तपासण्या झाल्या. गाणारे सुधारले होते. न गाणारेही तेवढेच सुधारले होते! म्हणजे गाणं आणि पत्ते यांत वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं काहीच फरक नाही, असा थोर शोध माझ्या नावावर लागणार होता. मी पत्तेवाल्यांच्या म्होरक्याला गाठलं. ते निवृत्त पोस्टमन.

"खरं सांगा, काका. तुम्ही गात होतात?"

"छे हो! गाऊ नका म्हणालात ना? आम्ही नुसतं गुणगुणत होतो. भिंतीला खुर्च्या लावून."

"आणि पत्ते?"

"ते हातात होतेच की!"

मी तणतणत मास्तरांकडे गेले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ऐकू यायचं. त्यांचा खर्ज आमच्यापेक्षा बरा लागायचा." मग हळूच म्हणाले, "म्हणून मी जरा मोठ्यानं वाजवायचो. बिचारे भिंतीआड बसलेले. वाटलं, भलं करतोय."

"तुमच्या भलेपणापायी कुणालाच काही कळणार नाही आता. उद्या कुणी विचारलं, तर मी पुन्हा 'उपाय नाही' एवढंच म्हणणार."

मास्तर दुसऱ्या दिवशी मला न विचारता संशोधन समितीपुढे जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे. बाईंना हे पुन्हा करू द्या."

"आणि पुन्हा दया आली तर?" एका सदस्यांनी विचारलं.

"येणारच, साहेब. दार लावून घेईन."

नवे रुग्ण आले, नव्या चिठ्ठ्या पडल्या. या वेळी गाणं चर्चच्या सभागृहात आणि पत्ते रुग्णालयात. एके दिवशी पत्त्यांच्या गटातल्या, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी धापा टाकत चर्चच्या पायऱ्यांशी पोचल्या. "मास्तर, मागे बसते. तोंड उघडणार नाही." ज्या माणसानं ते दार आजवर कुणालाही लावलं नव्हतं, त्यानं त्यांना गाडीत बसवून परत धाडलं. "संपू दे, मावशी. मग पुढची खुर्ची तुमची." त्या दिवशी मास्तर चुकीचे सूर वाजवत राहिले. सांगायची कुणाची छाती झाली नाही.

आता निष्कर्ष. गाण्यानं हा आजार बरा होत नाही. जिना चढताना एकदा कमी थांबावं लागतं. बस्स. एवढ्या उपद्व्यापातून एक थांबा! मास्तरांना हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं.

त्यांनी दोनदा विचारलं, "एकदा कमी? नक्की?" मग म्हणाले, "आमच्या जिन्यात दुसऱ्या वळणाला ती हरायची. शेवटी खाली बैठकीत खाट टाकली. एक थांबा वाचला असता, तर शेवटपर्यंत आमच्या खोलीत झोपली असती."

त्या दिवशी मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मास्तर, आभार मानते. आमच्या भिंतींचेही मानते, त्या इतक्या पातळ नसत्या तर तुमची ओळख अर्धीच राहिली असती. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता मास्तरांचे रुग्ण गातील. मावशी पुढच्या खुर्चीवर आहेत. फक्त एक विनंती. ते मध्येच थांबले, तर लगेच टाळ्या वाजवू नका. गाणं संपलेलं नसतं. ते श्वास घेत असतात.