फेरीबोटीच्या तोंडाशी लावलेली गाडी

जबाब देणार : तोरब्योर्ग ओस्नेस, वय ६८ वर्षे, धंदा : निवृत्त परिचारिका (घरोघरी जाऊन रुग्णसेवा), राहणार होव्हदेविक, चर्चमागची चढण, पिवळे घर.

मी आज १४ जुलै रोजी ठाण्यात समक्ष हजर असून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझा मुलगा आयविन हा सव्वीस वर्षांपूर्वी ९ ऑक्टोबर रोजी खाडीकाठच्या रस्त्यावर मोटार अपघातात मयत झाला. वय १९. गाडी त्याची होती. सोबत गावातलाच सिगवार्ट लुंडे होता. तो तेव्हा शाळेची बस चालवी. लोक पोचले तेव्हा सिगवार्टने आयविनला ओढून रस्त्यावर काढले होते, गाडीत कोणी नव्हते. कोण कुठे बसले होते हे सांगणारा एकटा सिगवार्ट. त्याने आयविन चालवत होता असे सांगितले. तसेच कागदावर आले.

आयविनच्या देहाला शेवटची आंघोळ मी स्वतः घातली. गाडीच्या सीटच्या पट्ट्याचा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरला होता. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. मी हे तेव्हाच्या हवालदारांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आई आहात. घरी जा, झोपा." माझे म्हणणे लिहून घेतले गेले नाही. सिगवार्टची नोकरी टिकली. आयविनच्या मित्रांपैकी दोघांच्या आयांनी मला वाटेत ओळख दाखवणे बंद केले.

आमच्या खाडीत उन्हाळ्यापुरती, जून ते ऑगस्ट, प्रवासी आणि मोटारी नेणारी फेरीबोट चालते. लोक ती कडे आणि धबधबे बघायला घेतात. यंदा बोटीवर भोंग्यावरून माहिती सांगायला सिगवार्टला ठेवले. ३ जून रोजी मी पायी तिकीट काढून गेले. अपघाताच्या वळणाखालून जाताना तो म्हणाला, "मंडळी, वर बघा. तिथं एका पोरानं वेगाच्या मस्तीत स्वतःचा जीव घालवला, माझा पाय कायमचा अधू केला. पण मी त्याला केव्हाच माफ केलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले.

त्यानंतर मी सहा वेळा त्या बोटीने गेले. बोटीचे तोंड निमुळते असून उतरायची फळी एका गाडीपुरती आहे. मधल्या रांगेतली पहिली गाडी निघाल्याशिवाय मागची एकही निघत नाही. शनिवारी अकराच्या बोटीला सर्वांत जास्त गाड्या असतात. सिगवार्टची मुलगी मारित हीसुद्धा शनिवारी बोटीवर कॉफी आणि वॉफल विकते. म्हणून मी शनिवार धरला.

तिकिटाच्या खिडकीवर सोलफ्रिड बसते. मी तिला फोन करून पुढची जागा मागितली. ती म्हणाली, "काय हो मावशी, या वयात कडे बघायची हौस आली का?" मी म्हटले, "हो गं, एकदा नीट बघून घ्यायचंय." तिला यातले काहीच माहीत नव्हते. तिला त्रास देऊ नये.

आज मी सकाळी साडेआठला धक्क्यावर पहिली होते. बोट वळणाखाली आली तेव्हा त्याने तीच गोष्ट सांगितली. टाळ्याही झाल्या. १२ वाजून ३५ मिनिटांनी बोट खाडीपलीकडे स्ट्रान्नेसच्या धक्क्याला लागली, तोंड उघडले. मी गाडी पुढे घेऊन फळीच्या तोंडाशी आडवी लावली, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली सर्वांदेखत पाण्यात टाकली. मागे एकतीस गाड्या आणि दोन बस होत्या.

कप्तान गुडमुंड धावत आले. "तोरब्योर्ग, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटले, "आहे. सव्वीस वर्षं जागेवरच आहे. सिगवार्टला खाली बोलव." लोक गाड्यांचे भोंगे वाजवत होते. कोणी मला म्हातारी, कोणी वेडी म्हणाले. मी कोणाला शिवी दिली नाही, कोणाला हात लावला नाही.

सिगवार्ट हातात माईक घेऊनच आला. हसत म्हणाला, "तोरब्योर्ग, लोकांची सुट्टी कशाला नासवतेस? मी तर तुझ्या पोराला माफ केलंय ना." मी त्याला वळाची गोष्ट सांगितली. मोठ्याने सांगितली, कोणत्या खांद्यावरून कोणत्या कमरेपर्यंत. भोंगे हळूहळू थांबले.

तोपर्यंत मारित पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली होती. ती बापाला म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात?"

"तू आत जा."

"कुठल्या बाजूला, तेवढं सांगा. मग जाते."

तो तिच्याकडेच बघत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. मग म्हणाला, "डावीकडे." माईक चालू होता. बोटीवर आणि धक्क्यावर सर्वांना ऐकू गेले. मारित रडली नाही. तिने कमरेचे फडके सोडले, त्याच्या हातात दिले आणि चालत धक्क्यावर उतरून गेली.

पस्तावा आहे का, असे आपण विचारले. दुसऱ्या बसमध्ये एक गरोदर बाई होती, तिला दोन तास उन्हात बसावे लागले. तिची मी माफी मागते. बाकी कोणाची नाही. मुलीसमोर त्याची मान खाली गेली, ती मी डोळे भरून पाहिली. सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही म्हणतात. मला मिळाले. हे वाक्य आहे तसेच लिहावे.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर असून खाली सही करते. सिगवार्ट लुंडे आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत घ्यावे. त्याचा जबाब लिहून होईपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही.