नातीचा कंप्युटर आन् माझा टेबलफॅन

च्या घ्या की आदी, मग सांगतो. आमची नात पिंकी पयल्यांदाच सोताच्या हातानं कंप्युटर जोडायला लागली. मशीन गार ठेवायला पाण्याचं कूलिंग घ्यावं का फॅनचं, हेच्यात अडकली. मन पाण्याच्यावर.

मला कुटं गप बसवतंय? म्हातारीला हळूच म्हनलं, "आगं, त्या मशीनला रोज घागरभर पाणी लागतंय म्हनं."

आमच्या शुक्रवार पेठेत चार-चार दिस नळ येत न्हाय. म्हातारी भडकलीच. "पिंके, हितं प्यायला पाणी न्हाय, आन् तुज्या डब्याला पाजू व्हय? फॅनचं घे!"

पिंकीनं लई सांगितलं, "आज्जी, पाणी आतच बंद असतंय, परत भरायचं नसतंय." म्हातारी ऐकंना. मी आपला गालात हसतोय. पोरीनं माज्याकडं बगितलं आन् वळखलं.

"बरं आज्जी, फॅनचंच घेते. पन त्याला भायेरनं बी वारा लागतोय. आज्जाचा टेबलफॅन दे."

दिला की लगेच! ऐन मे महिना. मी बोंबललो, "आगं, घिऊ दे तिला पाण्याचं, मी भरतो घागर!"

"घागर ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हनली, "पाण्याचं कूलिंग तुमीच घ्या." आन् वला टावेल टाकला माज्या डोसक्यावर.