दार लागणारी एकच खोली

लांदी: नापास.

विल्बर्त: अगं शेजारीणबाई, आत तर ये! उंबऱ्यावरूनच नापास?

लांदी: आजोबा, कोपऱ्यात हे काय टांगलंय?

विल्बर्त: झोळ्या. तुझ्या पिल्लांसाठी. दोन दिवस खपून विणल्यात. एवढीशी झोळी या हातांनी आजवर विणली नव्हती. निळी पेपितासाठी, पिवळी कोकोयोलसाठी.

लांदी: मांजरं झोळीत झोपत नाहीत.

विल्बर्त: का बरं? या गावात तान्हं बाळ झोळीत, म्हातारा झोळीत, चर्चमधला पाद्रीसुद्धा झोळीत झोपतो. मांजरांनीच काय घोडं मारलंय?

लांदी: त्यांची नखं जाळीत अडकतात. मग घाबरून ओढतात आणि आणखी गुंततात. मान अडकली तर?

विल्बर्त: हं. हे नव्हतं सुचलं मला. उतरवतो. मग झोपायचं कुठे त्यांनी?

लांदी: खोक्यात. आत तुमचा जुना सदरा घालायचा. घातलेला, न धुतलेला. तुमचा वास ओळखीचा व्हायला हवा ना त्यांना.

विल्बर्त: तसला सदरा शोधायला मला लांब जावं लागणार नाही. लिही वहीत, झोपायची सोय पास.

लांदी: खोकं आधी आणा, मग लिहीन. ही बशी कसली?

विल्बर्त: दूध. सकाळीच आणून ठेवलंय.

लांदी: आजोबा! गाईच्या दुधानं पोट बिघडतं त्यांचं. पाणी ठेवायचं.

विल्बर्त: पण चित्रात मांजर नेहमी दूधच पितं की.

लांदी: चित्रातल्या मांजराची घाण कोणाला काढावी लागत नाही.

विल्बर्त: हे मात्र खरं, मास्तरीणबाई. बरं, आज सोमवार, गावच्या रीतीनं चुलीवर काळा घेवडा आणि डुक्कर शिजतंय. त्यातलं मांस दिलं तर?

लांदी: कांदा घातलाय?

विल्बर्त: कांद्याशिवाय कसलं?

लांदी: मग नाही. कांदा त्यांना विष असतो. त्यांचं खाणं मी पिशवीतून आणून देणार आहे. आणि त्यांची... ती जागा?

विल्बर्त: ती बघ, पावाची जुनी परात. काठ बुटके आहेत, बारीक वाळू भरलीय. आणि खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवणार आहे. मीही संडासात बसून जेवत नाही.

लांदी: हे पास. विहिरीवर झाकण?

विल्बर्त: टाकलंय. वर दगड ठेवलाय.

लांदी: उंदराचं औषध?

विल्बर्त: घरात कणभर नाही. उंदरांसाठीच तर मांजरं आणतोय.

लांदी: ती उंदरांसाठी नाहीयेत!

विल्बर्त: बरं बाई. पकडलाच एखादा, तर मी रागावणार नाही, एवढंच.

लांदी: पण सगळ्यात मोठी चूक तुम्हाला दिसतच नाहीये. जमिनीकडे बघा.

विल्बर्त: पुसलीय की.

लांदी: दोरे! विणायच्या चौकटीखाली, खुर्चीखाली, तुमच्या चपलेला पण. पिल्लं दोऱ्याशी खेळतात आणि मग गिळतात. आतड्यात गुंता होतो. मेरिदा शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं आईला. पिल्लू मरतं त्यानं.

विल्बर्त: मरतं?

लांदी: हो.

विल्बर्त: पन्नास वर्षं मी याच जागी बसून विणतोय, लांदी. सूत नाही असा एक कोपरा सापडायचा नाही तुला.

लांदी: म्हणून तर म्हटलं. नापास.

विल्बर्त: मग पिल्लांचं काय करायचं? शनिवारी तुम्ही कान्कुनला राहायला चाललात. तिथल्या घरमालकानं जनावर नको म्हणून सांगितलंय ना?

लांदी: एल्मेरमामा म्हणतो, बाजारात मासळीवाल्यांपाशी सोडतो. पोट भरेल त्यांचं.

विल्बर्त: बाजारात ट्रक असतात, भटकी कुत्री असतात. चालेल तुला?

लांदी: नाही.

विल्बर्त: इथे बस जरा. मला एक सांग. काल नेयदीचं घर नापास केलंस. का?

लांदी: त्यांच्याकडे कुत्रा आहे.

विल्बर्त: त्या कुत्र्याला दात नाहीत. कोंबडी दिसली की खाटेखाली जातो तो. आणि परवा बेकरीवाल्याचं?

लांदी: तिथे भट्टी आहे.

विल्बर्त: आणि शाळेजवळच्या आडीबाई?

लांदी: त्यांना एकच पिल्लू हवं होतं. ही दोघं एकत्रच राहणार.

विल्बर्त: ते बरोबर केलंस. पण बाकीचं? मी रागावत नाहीये हं, नुसतं विचारतोय. घरं नापास होतायत, की तुला पिल्लं द्यायचीच नाहीयेत?

लांदी: ...दोन्ही.

विल्बर्त: खरं बोललीस. आता असं बघ, शाळेतली चांगली बाई मुलाला नुसती नापास करत नाही. कुठे चुकलं ते सांगते आणि पुन्हा पाटी हातात देते. दे मला पाटी. सुतापासून पिल्लं लांब ठेवायची तर काय लागेल?

लांदी: दार लागणारी खोली. छोटी. तशी ती लागतेच सुरुवातीला, नाहीतर एवढं मोठं घर बघून पिल्लं कुठेतरी दडून बसतात.

विल्बर्त: आणि मोठी झाल्यावर?

लांदी: तेव्हा तुम्ही विणत असलात की दार बंद. उठताना सगळे दोरे गोळा करून डब्यात. रोज.

विल्बर्त: रोज. बरं.

लांदी: मग ही खोली आहे की! दार आहे, कुलूपसुद्धा आहे.

विल्बर्त: ती नाही.

लांदी: पण अख्ख्या घरात दार असलेली एकच...

विल्बर्त: ती रेनानची आहे.

लांदी: रेनान कोण?

विल्बर्त: माझा मुलगा. तुझ्या जन्माआधी उत्तरेला गेला, अमेरिकेत. एका हॉटेलात भांडी घासायचा, आता तिथेच स्वयंपाक करतो. दर रविवारी फोन येतो त्याचा.

लांदी: मला वाटायचं आत भूत आहे. गल्लीतली सगळी मुलं म्हणतात.

विल्बर्त: भूत असतं तर निदान बोलायला कोणी असतं. आत त्याची झोळी आहे. मोठी, दोन माणसांची. लग्न करेल म्हणून विणली होती. दर शनिवारी खोली झाडतो, झोळी उन्हात घालतो, परत टांगतो.

लांदी: कधी येणार आहेत ते?

विल्बर्त: पुढच्या वर्षी.

लांदी: असं कधी म्हणाले?

विल्बर्त: दर वर्षी म्हणतो.

लांदी: म्हणजे तुम्हालाही द्यायची नाहीये.

विल्बर्त: काय?

लांदी: खोली. मी पण रागावत नाहीये हं. नुसतं विचारतेय.

(खिळ्यावरून किल्ली काढल्याचा आणि कुलूप उघडल्याचा आवाज.)

लांदी: किती स्वच्छ आहे! एकसुद्धा दोरा नाही.

विल्बर्त: इथे कधी विणलंच नाही मी.

लांदी: खिडकीला जाळी पण आहे. खोकं या भिंतीशी, परात त्या टोकाला, पाणी इथे... पण झोळी, आजोबा. जमिनीला टेकतेय. चढतील ती.

विल्बर्त: ये, ते टोक कडीतून सोडव. सोड, पडू दे. आता माझ्याकडे चालत ये, गोळा करत करत. ओढू नकोस. हातात जेवढी मावेल तेवढीच घे. हां. आता पीळ दे. अजून एक. असं केलं की कधी गुंतत नाही. कान्कुनच्या घरी रोज सकाळी अशीच बांध तुझी.

लांदी: काढून नाही टाकायची?

विल्बर्त: नाही. या कडीला, उंच. मी उचलतो तुला, तू अडकव.

लांदी: अडकली.

विल्बर्त: ओढून बघ.

लांदी: घट्ट आहे. आजोबा, मी रविवारी फोन करत जाऊ? पिल्लांना?

विल्बर्त: चारला रेनानचा असतो. तू पाचला कर. मी खोक्याशी धरतो फोन.

लांदी: मग पास. मी आणते त्यांना.

विल्बर्त: घाई नाही गं. शनिवारपर्यंत ठेव हवं तर.

लांदी: नको, आजच. तुम्हाला अजून खूप शिकवायचंय मला, पाचच दिवस आहेत. पण आजोबा...

विल्बर्त: काय?

लांदी: रेनानकाका खरंच आले तर? पुढच्या वर्षी?

विल्बर्त: आला तर पिल्लांना सांगू, जरा सरकून घ्या.