दहावा प्रवासी

आणि वर मलाच विचारतो, "ताई, प्रवासाचं कारण काय?" अहो, कारण काय म्हणजे? हौस म्हणून चढतं का कुणी त्या खटाऱ्यात? तुम्हाला सांगते, खोटं बोलणं मला जमत नाही, पण त्या दिवशी मी जे जे बोलले ना…

झालं असं, की आमच्या गावाला एकच बस, सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि ती बंद करायचं वरच्या ऑफिसात चाललेलं. पण त्याआधी मोजणी. म्हणून हा फॉर्मवाला येऊन थांब्यावर उभा, टक्कल चकचकीत, पेन कानावर. गावात माणसं किती, बसने जातात किती, कशाला जातात. दहा निघाले तर बस राहणार, नऊ निघाले तर गेली. आता कागदावर आमच्या गावात माणसं तीनशे बारा. कुठे आहेत? कागदावरच. बाकी सगळी शहरात, आणि उरलोय आम्ही, गुडघे धरून बसलेले.

बस गेली तर शिंपिणीच्या मुलीची शाळा गेली. सातवीत आहे पोरगी. मी चौथीवर थांबले ती डोकं नव्हतं म्हणून नाही हो, बस नव्हती म्हणून. तेव्हा आदल्या दिवशी मी घरोघर जाऊन दमच भरला, सकाळी झाडून सगळे थांब्यावर या, आणि कारण विचारलं तर मुखदुर्बळासारखे उभे राहू नका.

आले. सुतार म्हणाला, "दात काढायचाय." तोंडात एक शिल्लक नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "नोकरीला जाते." फॉर्मवाल्याने मान वर केली. मी म्हटलं, "लिहा, लिहा, कष्टाळू आहे." खोटं मला जमत नाही, पण कष्टाळू तर ती आहेच की.

त्याने मोजले. परत मोजले. नऊ.

मग गावाची यादी काढली आणि बोट फिरवत आला माझ्या घरापाशी. "तुमच्याकडे दोन माणसं दिसतायत. मालक कुठायत?"

तुम्हाला सांगते, तीन वर्षं मी ह्यांना याच बसने शहरातल्या दवाखान्यात नेलं, रक्त धुवायला, आठवड्यातून तीनदा. वर बोलणी मलाच, "तुझ्या आवरण्यापायी चांगली जागा गेली." अहो, अख्खी बस रिकामी असायची… दोन महिने झाले त्यांना जाऊन. यादीतलं नाव काढायला ऑफिसात जायचं राहिलं. राहिलं म्हणजे, गेले होते, दारातून परत आले.

आणि तोंडातून निघून गेलं, "येतायत. मागून."

ड्रायव्हर, ज्याने शेवटच्या दिवशी ह्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं होतं तोच, त्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, "थांबू या. काकांना चढायला वेळ लागतो."

झालं, सगळे आमच्या गल्लीकडे बघायला लागले. सुताराने तर हात वर केला, "सावकाश या हो, घाई नाही." आणि मी? खोटं जमत नाही म्हणते ना, मी खरंच वाट बघत होते हो… आता येतील, शर्टाचं बटण लावत, माझ्यावर करवादत.

फॉर्मवाल्याने गल्ली बघितली. मग मला बघितलं, बराच वेळ.

"किती वेळा प्रवास करतात?"

"आठवड्यातून तीनदा."

"कारण?"

"दवाखाना."

लिहिलं त्याने. दहा.

बस राहिली. पण जाताना सांगून गेला, तपासायला कुणीही, कधीही येईल, फेऱ्या चुकवू नका. म्हणून आता मी तीनदा जाते, दवाखान्यासमोरच्या बाकावर बसते, त्यांना लागायचा तेवढा वेळ, आणि परत येते. तिकिटं दोन काढते. पूर्वी आजारी म्हणून ह्यांचं अर्धं असायचं. आता कंडक्टर पूर्ण घेतो. म्हणतो, "काकू, सवलतीला माणूस समोर दिसावा लागतो."