आवाजाला परवानगी नव्हती तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष प्रभाकरराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती सदाशिवराव, आणि खुर्च्या संपल्या तरी मागे उभे राहिलेल्या समस्त वर्धेकरांनो!

टेलिफोन खात्यातले साहेब निवृत्त होतात आणि निरोपाला मी, योगेंद्र सायबर कॅफेवाला, बोलतो. हे कसं काय? तेच सांगायचंय, आणि आज इतका आनंद झालाय की कुठून सुरू करू कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी नालवाडीत माझा कॅफे नवा होता. केळझरच्या शकुंतलाबाई दर रविवारी यायच्या. लेक रुचिका अमेरिकेत, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. परदेशी आयएसडी फोन परवडत नव्हता, म्हणून मी त्यांना हेडफोन लावून संगणकावरून बोलू द्यायचो. एके दिवशी हे साहेब आले आणि माइकची वायर काढली. इंटरनेटवरून लिहिलेलं परदेशी जाऊ शकतं, बोललेलं नाही, असा तेव्हा आपल्या देशाचा नियम. तिकडे जे बिनधास्त चालायचं, ते इथे बंद! सातासमुद्रापारचा आवाज येऊन अडला कुठं, तर नालवाडीत.

शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मले वाचता येत नाई. तुमीच बंद केलं, तं आता तुमीच वाचून सांगा."

आणि साहेब बसले की हो! पुढं दर रविवारी बसले. रुचिका तिकडून लिहायची आणि हे झुपकेदार मिशांचे साहेब मोठ्यानं वाचायचे, "आई, मले भेव वाटून राह्यलं." आधी अख्खा कॅफे हसला. नंतर कोणी हसेना. नात झाल्याची बातमीही यांनीच वाचली, पण पुढची ओळ काही यांना वाचवेना.

गेल्या वर्षी, २००२च्या एप्रिलमध्ये, नियम बदलला, तर नवा माइक घेऊन दारात कोण? हेच! आता संगणकावरून अमेरिकेला फोन लावता येतो, इथल्या शेजारच्या जाम गावाला मात्र नाही. हा नियम कुणाला कळला असेल, तर त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसावं. त्या दिवशी मायलेकी बोलत होत्या तेव्हा साहेब बाहेर जाऊन उभे राहिले.

टेबलावरचं हे संगणकाचं मशीन तुम्ही मघापासून बघताय. लाइन जोडलेली आहे. तिकडे रात्र झालीय, तरी रुचिका जागी आहे. ती म्हणते, माझ्या वतीनं माझ्या आईला आई म्हणणारा आवाज मी अजून ऐकलाच नाही.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला, आणि मध्येच लाइन तुटली तर तेही.

साहेब, माइक तुमच्यापुढे आहे. बोला, आता परवानगी आहे.