फरशीचं औषध

अरे, तुमी फरशीच्या सीलरचं विचारून राह्यले ना, तं आमच्या इचोड्याच्या घरचं ऐका. बाबानं हौसेनं बाथरूममध्ये काळी शहाबादी फरशी बसवली होती. ओल धरून तिच्यावर पांढरा खार फुटला, कडेनं पापुद्रे निघाले.

आई म्हणे, "तोडा हे, अन् टाईल्स बसवा."

बाबा काही ऐकंनात. मिस्त्री बोलावला. त्यानं फरशी घासली, सुकवली, वरून सीलर, म्हंजे पाणी मुरू न देणारं औषध, मारलं अन् जाताना म्हणाला, "पत्थर पानी पीता, साब. रोज नहाने के बाद पोंछना, नै तो दवा नै टिकती."

आईनं कपाळाले हात लावला. "आणखी एक काम माह्या मागं!"

"तू काहीच पुसू नको," बाबा म्हणाले. "औषधच भारी आहे."

अन् खरंच, पावसाळा गेला तरी खार नाही. फरशी कोरडी, काळीभोर. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले बाथरूम दाखवत.

परवा घरी गेलो तं मीही आईले म्हटलं, "औषध भारीच निघालं की!"

बाबा अंगणात आहेत हे पाहून आई हळूच म्हणाली, "माही आंघोळ झाली का ते औषध रोज फडकं घेऊन आत जाते, अन् कंबर धरून बाहेर येते. मले माहीत आहे हे तुह्या बाबाले सांगू नको."

"अन् तू काहीच म्हणत नाही?"

"काऊन म्हणू? मी आता अर्ध्याच बादलीत आंघोळ करून राह्यली. जास्त पाणी सांडलं का औषधाची कंबर दुखते."